ग्रंथालयांचे ऑनलाइन बालवाचन उपक्रम (ठाणे)

सार्वजनिक ग्रंथालयांनी मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी इंटरनेटवरून चालवलेले वाचनाचे व शिकण्याचे कार्यक्रम. कथाकथन, पुस्तक वाचून दाखवणे, सुट्टीतली शिबिरे, पालकांशी गप्पा आणि डिजिटल पुस्तके हे सगळे त्यात येते.

अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये सार्वजनिक ग्रंथालय मुख्यतः करांच्या पैशावर चालते, म्हणून तिथे ई-पुस्तके सभासद-क्रमांकावर फुकट मिळतात. महाराष्ट्राची घडण वेगळी आहे. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यात ग्रंथालय-कर नाही. गावोगावच्या संस्था वर्गणी, देणग्या आणि शासकीय अनुदान यांवर तग धरतात. अनुदानासाठीचे ‘अ’ ते ‘ड’ वर्ग ठरतात ते मुख्यतः ग्रंथसंख्या, नियतकालिके, कामाचे तास अशा गोष्टींवर. पडद्यावर ऐकलेली गोष्ट या हिशेबात सहजी बसत नाही, त्यामुळे असे उपक्रम बहुधा कुणाच्या तरी हौसेवर उभे राहतात.

ठाण्याला मात्र ग्रंथालयांची जुनी सवय आहे. येथील मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 मध्ये सुरू झाले. ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे विनायक लक्ष्मण भावे त्याचे संस्थापक; तेव्हा ते जेमतेम विशीत होते. संग्रहालयाने आपले दुर्मीळ ग्रंथ डिजिटल करून वाचकांना खुले केले. हे काम मोलाचे, पण अभ्यासकांच्या उपयोगाचे. सात वर्षांच्या मुलाला त्यात काय मिळणार? भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे स्वामित्वहक्क टिकतो, म्हणजे मोकळेपणाने स्कॅन करता येते ते आजोबांच्याही आधीच्या पिढीचे मराठी. नवे बालपुस्तक कॅमेऱ्यासमोर वाचून चित्रफीत टाकायची तर परवानगी लागते. यातून वाट काढून दिली ती ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ संकेतस्थळाने (2015): मुक्त परवान्याच्या, म्हणजे वेगळी परवानगी न मागता वाचून दाखवता येतील अशा, मराठीतही असलेल्या सचित्र गोष्टी. पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ बालभारतीने दिल्याच आहेत.

मार्च 2020 च्या टाळेबंदीत ग्रंथालयांना कुलपे लागली आणि कार्यक्रम झूमवर, व्हॉट्सॲपवर गेले. राज्यात ग्रंथालये पुन्हा उघडण्यास परवानगी मिळाली ती 15 ऑक्टोबरला, नेमकी वाचन प्रेरणा दिनी.

‘कुटुंबांसाठी’ हा शब्द इथे शोभेचा नाही. घरात फोन एकच असतो आणि तो आईबरोबर किंवा बाबांबरोबर कामावर जातो. कळव्याहून सीएसएमटीला जाणारा माणूस सातच्या आत घरी येत नाही. म्हणून दुपारी चारचे सत्र कागदावर छान दिसते आणि भरते ते रात्री साडेआठचे. तेव्हा फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ओट्यावर उभा असतो, मूल पाटावर, आणि कुणीतरी माइक बंद करायला विसरल्यामुळे गोष्टीतल्या वाघाच्या डरकाळीत कुकरची शिट्टी मिसळते. वाचणाऱ्याने तिलाही गोष्टीत घ्यावे; मुले खूश होतात. वीस मिनिटांपुढे ताणू नये. सहाच्या आतल्या मुलांशेजारी मोठे माणूस हवेच, कारण चित्रावर बोट ठेवून ‘हे काय?’ विचारणारे कुणीतरी जवळ लागते.

जाणते ग्रंथपाल गोष्ट शेवटापर्यंत नेत नाहीत. विहिरीत डोकावलेल्या कोल्ह्याला तिथेच ठेवून ते मुखपृष्ठ कॅमेऱ्याजवळ धरतात. उरलेली पाने देवघेवीच्या टेबलावर मिळतात, बाल विभागाची वर्गणी भरून.