आंब्यातल्या माशीला नाव कुणी दिलं?

मार्च-एप्रिलमध्ये कोकणातल्या कुठल्याही हापूसच्या बागेत गेलात तर कलमांना प्लास्टिकचे डबे टांगलेले दिसतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा त्यातलाच एक. आत मिथाइल युजेनॉल या वासाच्या रसायनात भिजवलेला लाकडाचा ठोकळा असतो आणि तळाशी मेलेल्या माश्यांचा थर. सगळे नर. बाजूच्या माहितीपत्रकावर माशीचं नाव असतं: बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस. हे नाव इतकं ठाम छापलेलं असतं, की त्यामागे दोन शतकांची ओढाताण आहे असं कुणाच्या मनात येत नाही.

आधी शब्दांचं थोडं. मराठी विश्वकोशात स्पीशीजला 'जाती' म्हणतात आणि जीनसला 'प्रजाती'; वर्तमानपत्रांत मात्र स्पीशीजलाच 'प्रजाती' म्हणायची सवय रुळली आहे. इथे मी वर्तमानपत्री सवय पाळतो: प्रजाती म्हणजे स्पीशीज आणि वंश म्हणजे जीनस. दुसरं असं, की प्रयोगशाळेत आनुवंशिकतेच्या अभ्यासासाठी वापरतात ती ड्रोसोफिला, तिलाही आपण फळमाशीच म्हणतो. ती पिकून आंबलेल्या फळावर घोंगावते आणि तिचं कुळही वेगळं. आंबेवाल्याची फळमाशी टेफ्रिटिडी कुळातली, धडधाकट फळाच्या सालीत नळी खुपसून अंडी घालणारी. या कुळात जगभर मिळून सुमारे 5 हजार प्रजाती नोंदल्या गेल्या आहेत.

लिनियसचा शिष्य आणि कील इथे प्राध्यापक असलेला डॅनिश कीटकतज्ज्ञ फाब्रिशियस यानं 1794 मध्ये एका माशीचं वर्णन 'मस्का फेरुजिनिया' या नावानं छापलं. फेरुजिनिया म्हणजे गंजाच्या रंगाची. त्या काळी जवळपास प्रत्येक माशी 'मस्का'च असायची. 1805 मध्ये फाब्रिशियसनंच 'डॅकस' हा वंश वेगळा काढला आणि ही माशी डॅकस फेरुजिनिअस झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतातले इंग्रज कृषी-कीटकतज्ज्ञ आंब्याच्या माशीला याच नावानं ओळखत. पण प्राणिनामांच्या नियमांत एक कडक कलम आहे: एका वंशात तेच नाव आधी दुसऱ्या कुणाला दिलेलं असेल तर नंतरचं नाव बाद. मस्का फेरुजिनिया हे नाव फाब्रिशियसच्या आधीच दुसऱ्या एका माशीला दिलं गेलं होतं. त्यामुळे शंभराहून जास्त वर्षं चाललेलं नाव कागदोपत्री निकामी ठरलं.

त्या जागी आलेलं नाव आहे तैवानचं. तेव्हा त्याला फॉर्मोसा म्हणत आणि तिथे जपानची सत्ता होती. हान्स झाउटर नावाचा जर्मन संग्राहक तिथे राहून किडे गोळा करी आणि युरोपातल्या तज्ज्ञांकडे पाठवी. त्यातल्या डॅकस माश्या व्हिएन्नातल्या फ्रिडरिश हेंडेलच्या हाती आल्या. हेंडेलचा पेशा शाळेचा, माश्या हा त्याचा नाद. त्यानं 1912 मध्ये डॅकस डॉर्सॅलिस हे नाव दिलं, आणि आज कोकणातल्या माहितीपत्रकावर आहे ते हेच. वंश तेवढा नंतर बदलला: बॅक्ट्रोसेरा हा वंश माकार्टनं 1835 मध्येच मांडला होता, पण 1989 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या रिचर्ड ड्रू यांनी या माश्यांना डॅकसमधून काढून त्यात नेऊन बसवलं. मधली कितीतरी वर्षं ती 'डॅकस' म्हणूनच छापली जात होती. जुनी पुस्तकं वाचणाऱ्या कृषी पदविकेच्या विद्यार्थ्याला दोन वेगळे किडे वाटले तर त्यात त्याचा दोष नाही.

हा प्रकार फक्त आंब्याच्या माशीचा नाही. काकडी-कारल्यात अळ्या करणारी माशी मूळची बहुधा भारताकडचीच, पण तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं 1899 मध्ये, हवाईतल्या नमुन्यांवरून. कॉकिलेट हा अमेरिकेतला वर्णनकर्ता. जिथे माशी शेतकऱ्याच्या डोळ्यांवर आली आणि जिथून नमुना तज्ज्ञापर्यंत पोचला, तिथलं नाव चिकटलं. तीही आधी डॅकस, मग बॅक्ट्रोसेरा आणि अलीकडे झ्युगोडॅकस कुकुर्बिटी.

हेंडेल नाव छापत होता त्याच वर्षी बिहारमध्ये पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेत एफ. एम. हाउलेट एका वेगळ्या गोष्टीच्या मागे लागला होता. हकिगत अशी सांगतात, की डास येऊ नयेत म्हणून शेजाऱ्यानं रुमालाला सिट्रोनेला तेल लावलं आणि डासांऐवजी फळमाश्या येऊन बसल्या. हाउलेटनं बघितलं तर सगळे नर. 1912 मध्ये त्यानं ते छापलं आणि 1915 मध्ये तेलातले कुठले घटक नरांना खेचतात ते सांगितलं. मिथाइल युजेनॉल त्यातलंच. तुळशीतही ते असतं. म्हणून तुळशीचा पाला चुरून ठेवला की या माश्या जमतात. पुढे प्रशांत महासागरातल्या रोटा बेटावर 1960च्या दशकात याच रसायनात कीटकनाशक मिसळून सगळे नर संपवले आणि बेट माशीमुक्त केलं.

पण आमिष नाव सांगत नाही. ठोकळ्यावर येऊन बसणारे नर एकाच प्रजातीचे की दहा, हे त्याला कळत नाही. आग्नेय आशियात सापळे जसे वाढले तसे डॉर्सॅलिससारखे दिसणारे नमुने संग्रहालयांत साचू लागले. काळसर पाठ, पाठीच्या दोन्ही बाजूंना पिवळ्या रेघा, पोटावर काळी टी-आकाराची खूण, पंखाच्या वरच्या कडेला तपकिरी पट्टी. हवाई विद्यापीठाच्या एल्मो हार्डी यांनी 1969 मध्ये हा घोळ निस्तरायला सुरुवात केली. खरा धमाका झाला 1994 मध्ये. ड्रू आणि डेव्हिड हॅनकॉक यांनी आशियातल्या या गटात 52 प्रजाती मांडल्या आणि त्यातल्या 40 एका झटक्यात नव्या होत्या.

चाळीस नव्या प्रजाती ऐकून हसू नये. त्यातल्या अनेक जंगलातल्या फळांवर जगणाऱ्या, बाजाराला कधी न दिसणाऱ्या खऱ्याच वेगळ्या माश्या होत्या. त्यांना नाव मिळालं नसतं तर कीडनियंत्रणवाल्यांनी त्या सगळ्यांना डॉर्सॅलिसच्या खात्यात टाकलं असतं. अडचण आली ती मोजक्या किडींची. थायलंडच्या दक्षिणेपासून मलेशिया-इंडोनेशियाकडची पपाये, फिलिपाइन्सची फिलिपिनेन्सिस, कर्मळाच्या, म्हणजे स्टारफ्रूटच्या, नावाची कॅरॅम्बोली. त्या ओळखायच्या कशावरून? मादीच्या अंडी घालायच्या नळीच्या टोकाची लांबी, नराच्या जननेंद्रियाची लांबी, पंखावरच्या पट्टीची रुंदी. मिलिमीटरच्या दशांशांत मोजायचे फरक.

यातल्या कॅरॅम्बोलीची गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये 1975 मध्ये ही माशी पकडली गेली आणि टाचणीला टोचून संग्रहात ठेवली गेली. ती आशियाई माशी आहे हे 1986 मध्ये लक्षात आलं, तेही डॉर्सॅलिस म्हणून. तिचं खरं नाव 1994 मध्ये जन्माला आलं. सुरिनाममध्ये जावाहून आलेल्या लोकांची मोठी वस्ती आहे, आणि इंडोनेशियाहून येणाऱ्या फळांतून ती आली असावी असं मानतात. अकरा वर्षं एक परदेशी कीड डब्यात पडून होती आणि कुणाला पत्ता नाही. नामकरणाचं काम रेंगाळलं की काय होतं, याचा यापेक्षा ठळक दाखला मला माहीत नाही.

नावं छापली गेली आणि व्यापारी नियमांत शिरली. पपाये 1995 मध्ये ऑस्ट्रेलियात केर्न्स परिसरात सापडली, निर्यात अडली, आणि तिथून ती 1999 पर्यंत हद्दपार केली गेली. 2003 मध्ये केनियात एक अनोळखी माशी आंब्यात सापडली. पाठीचा रंग काळ्यापासून तांबूसपर्यंत काहीही. 2005 मध्ये ड्रू, त्सुरुता आणि व्हाइट यांनी तिला श्रीलंका आणि आफ्रिकेतली नवी प्रजाती ठरवून नाव दिलं इन्व्हेडेन्स, म्हणजे आक्रमण करणारी. काही वर्षांत ती सहाराच्या दक्षिणेला सर्वदूर पसरली. नाव वेगळं म्हटल्यावर नियम वेगळे. फळातली कीड मारायची, डॉर्सॅलिसवर सिद्ध झालेली उष्णतेची प्रक्रिया इन्व्हेडेन्सला लागू पडते का, हे पुन्हा सिद्ध करून दाखवायची पाळी निर्यातदार देशांवर आली.

मग प्रश्न उलटा फिरला: या माश्या खरंच वेगळ्या आहेत का? आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) यांच्या पुढाकारानं अनेक देशांतल्या प्रयोगशाळा कामाला लागल्या. अणुऊर्जावाल्यांना माश्यांचं काय, असं वाटेल. किरणोत्सारानं वांझ केलेले नर सोडून कीड आटोक्यात आणायची पद्धत त्यांच्याकडे आहे, आणि सोडलेला नर ज्या मादीशी जुळणार ती त्याच प्रजातीची हवी. थाई-मलाय द्वीपकल्पात उत्तरेकडून दक्षिणेकडे माश्या मोजल्या तेव्हा लांबीत मध्येच कुठे खिंड दिसली नाही, जनुकांतही दोन वेगळ्या फांद्या दिसल्या नाहीत. पिंजऱ्यात एकत्र ठेवल्या तर त्या एकमेकींशी बिनदिक्कत जुळत, पिल्लं धडधाकट होत. सर्वांत पटणारा पुरावा मला वासाचा वाटतो. नर मिथाइल युजेनॉल खातो, शरीरात त्याचं रूपांतर करतो आणि संध्याकाळी तो वास सोडून मादीला बोलावतो. पपाये आणि डॉर्सॅलिस यांच्या नरांत तीच दोन द्रव्यं तयार होतात. कॅरॅम्बोलीत त्यातलं एकच. म्हणजे ती खरीच वेगळी निघाली आणि वेगळीच राहिली.

फिलिपिनेन्सिस हे नाव 2013 मध्ये पपायेत विलीन झालं. शुत्से हे कीटकतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये पपाये आणि इन्व्हेडेन्स दोन्ही डॉर्सॅलिसमध्ये मिळवल्या. ज्यांनी ही नावं दिली त्या ड्रू यांना हे मान्य नव्हतं. 2016 मध्ये त्यांनी आणि रोमिग यांनी ती पुन्हा वेगळी काढली, आणि 2017 मध्ये शुत्सेंच्या गटानं सविस्तर उत्तर देऊन परत एकत्र केली. आता बहुतेक संस्था एकच नाव वापरतात. आयुष्यभर भिंगाखाली माश्या बघितलेल्या माणसाच्या नजरेला मी कमी लेखणार नाही. पण माश्या स्वतः ज्याला जोडीदार मानतात ते ऐकायला हवं, असं माझं मत.

आपल्याकडे या नावाचा हिशेब पेट्यांत होतो. जपाननं फळमाशीच्या धास्तीनं 1986 पासून बंद केलेला भारतीय आंबा 2006 मध्ये पुन्हा घेतला, तो उष्ण वाफेच्या प्रक्रियेच्या अटीवर. अमेरिकेला 2007 पासून आंबा गेला तो लासलगावच्या किरणोत्सार केंद्रातून. युरोपनं 1 मे 2014 पासून भारतीय आंबा आणि चार भाज्या बंद केल्या, कारण 2013 मध्ये 207 खेपांत किडी, मुख्यतः फळमाश्या, आढळल्या होत्या. आंब्यावरची बंदी 2015च्या सुरुवातीला उठली.

सापळ्यातल्या डब्याकडे परत येऊ. त्यात एकटी डॉर्सॅलिस क्वचित असते. पंखाच्या वरच्या कडेची पट्टी टोकापर्यंत सलग असेल तर डॉर्सॅलिस असण्याची शक्यता; पण दक्षिण भारतात तशीच पट्टी असलेली, व्ही. सी. कपूर यांनी 1971 मध्ये वर्णन केलेली कॅरिई हीसुद्धा त्याच आमिषावर येते. पट्टी तुटलेली आणि पंखाच्या टोकाशी नुसता ठिपका असेल तर झोनाटा किंवा करेक्टा. या दोघींतला फरक चेहऱ्यावर असतो: झोनाटाच्या चेहऱ्यावर दोन सुटे काळे ठिपके, करेक्टाच्या चेहऱ्यावर तेच ठिपके आडव्या रेघेत जुळलेले. साध्या दहापट भिंगातून ते दिसतात, फक्त माशी ओली होऊन कुजायच्या आत डबा उघडावा लागतो.