स्पीकर रुळतो की कान?

सोलापुरातल्याच एका दुकानातून बुकशेल्फ स्पीकरची जोडी आणली. घरी वरचे सूर टोचायला लागले म्हणून चौथ्या दिवशी फोन केला, तर उत्तर आलं, ‘दोनशे तास वाजू द्या, मग खुलतील.’ रोज दोन तास ऐकणाऱ्याला दोनशे तास भरायला शंभर दिवस लागतात. बदलून मिळण्याची मुदत सात दिवसांची होती. तेव्हापासून या ‘खुलण्या’चा माग काढतोय.

आपल्याला ही समजूत चटकन पटते, कारण तिचे भाऊबंद घरोघरी आहेत. नवी स्कूटर पहिले हजार किलोमीटर बेताने चालवायची, हे वडिलांकडून ऐकलेलं. तिथे कारण होतं: पिस्टनच्या कड्या आणि सिलिंडर एकमेकांना घासून बसायचे. तंबोरा वाजता राहिला की खुलतो, असं गाणारी मंडळी सांगतात. ॲम्प्लिफायरही असाच खुलतो म्हणतात, पण त्याच्या ट्रान्झिस्टरमध्ये घासणारं काहीच नाही.

या ‘खुलण्या’ला शौकीन ‘बर्न-इन’ म्हणतात. हा शब्द मूळचा कारखान्यातला. इलेक्ट्रॉनिक भाग बिघडायचे तर बहुधा अगदी सुरुवातीला किंवा पार म्हातारपणी बिघडतात. मधली वर्षं निवांत जातात. म्हणून महत्त्वाच्या उपकरणांचे भाग तापवून, तासन्‌तास चालवून पाहायची पद्धत पडली. कच्चा नग गिऱ्हाइकाकडे जाण्याआधीच गळावा, एवढाच हेतू. आवाज गोड होण्याशी त्याचा संबंध नव्हता.

तरी स्पीकरच्या बाबतीत यात थोडं खरं आहे, आणि मागांच्या गावात ते समजायला सोपं आहे. 1925 मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी हलत्या कॉइलचा, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचा, लाउडस्पीकर मांडला. आजचे बहुतेक स्पीकर त्याच घडणीचे. हलून आवाज काढणाऱ्या शंकूच्या मागे कॉइलभोवती नागमोडी चुण्यांची कापडी चकती असते, तिला स्पायडर म्हणतात. विणलेलं कापड रेझिनमध्ये भिजवायचं आणि तापलेल्या साच्यात दाबून घट्ट करायचं, अशी ती बनते. ताण्याचं सूत तुटू नये म्हणून त्याला खळ लावतात, त्यामुळे कोरं कापड कडक लागतं आणि पहिल्या धुण्यात सैलावतं. चकतीचंही तसंच. शंकू पहिल्यांदा जोरात मागेपुढे हलला की रेझिनची पकड किंचित सुटते आणि स्पीकरची नैसर्गिक कंप्रता, म्हणजे तो आपसूक ज्या वेगाने थरथरतो तो वेग, थोडी उतरते. हे मोजता येतं. पण धुणं एकच पुरतं: बहुतेक बदल पहिल्या काही मिनिटांतच उरकतो, आणि स्पीकर शांत ठेवला की त्यातला काही भाग परतही जातो.

तेवढा बदल तरी कानापर्यंत पोचतो का? नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी 1970 च्या दशकात, दोघांनीही ऑस्ट्रेलियात काम करून, स्पीकर आणि पेटीचं गणित बसवलं. त्या गणितात चकती सैलावली की कंप्रता उतरते आणि लवचीकतेचा आकडा चढतो. पेटीत दोन्ही एकमेकांना बरेचसे फेडून टाकतात. एडगर विल्चर यांच्या 1954 च्या बंद पेटीत तर मुख्य स्प्रिंग कोंडलेल्या हवेचीच, कापडाचा वाटा लहान. शिवाय हे सगळं खर्जाचं. मला टोचत होते ते वरचे सूर, आणि ते काम ट्वीटरचं, म्हणजे पेटीतल्या वेगळ्या छोट्या स्पीकरचं. दुकानाचं उत्तर माझ्या तक्रारीला लागूच नव्हतं.

मग शेकडो तास आले कुठून? अमेरिकेत 1962 मध्ये जे. गॉर्डन होल्ट यांनी ‘स्टीरिओफाइल’ आणि 1973 मध्ये हॅरी पिअर्सन यांनी ‘द ॲब्सोल्यूट साउंड’ ही नियतकालिकं काढली. कानाने ऐकून उपकरण पारखायची रीत त्यातून रुजली. त्यात गैर काही नाही. पण महिनाभर ऐकणाऱ्याला शेवटी आवाज निराळा वाटला, तर यंत्र रुळलं की कान, हे त्या रीतीत कळायला जागा नाही. पुढे तर तांब्याच्या वायरींनाही तास सांगितले जाऊ लागले. वायरीत नेमकं काय बदलतं, याचं पटेल असं कारण मला आजवर कुणी दिलेलं नाही.

संशय घेणारेही जुने आहेत. 1982 मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी एबीएक्स चाचणीचं यंत्र मांडलं: अ आणि ब ही दोन उपकरणं, आणि त्यांपैकीच एक असलेला क्ष. ऐकणाऱ्याने फक्त कानाने क्ष ओळखायचा. 1994 मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी त्याच माणसांना तेच स्पीकर एकदा दाखवून आणि एकदा पडद्याआड ऐकवले. स्पीकर डोळ्यांना दिसल्यावर लोकांची मतं बदलली.

मावसभावाने नंतर तशीच नवी जोडी घेतली, तेव्हा आम्ही खोका फोडल्या फोडल्या त्याचा एक आणि माझा वर्षभर वाजलेला एक शेजारी ठेवला. दोघांच्या आवाजाची पातळी सारखी केली, पुढे जुनी पातळ साडी लावली. चादर नको, ती वरचे सूर खाते. मधेच जागाही अदलाबदल केल्या. घरातल्या कुणालाच जुना कोणता ते सलग ओळखता आलं नाही, मलाही नाही.

टोचण्याचं कारण खोलीत निघालं: उघडी शहाबादी फरशी आणि समोर कोरी भिंत. भिंतीवर दोन जाड चादरी टांगल्या, खाली सतरंजी अंथरली, आणि त्याच संध्याकाळी वरचे सूर मवाळ झाले.