नाव तेच, काच वेगळी

पुढच्या कड्यावर नाव कोरलेलं असतं: सुपर-टाकुमार १:१.४/५०. त्याच्या पुढे क्रमांक आणि आसाही ऑप्टिकल या जपानी कंपनीचं नाव. अशा दोन लेन्स शेजारी शेजारी ठेवल्या तर नवख्या माणसाला फरक सांगता येणार नाही. आकार जवळजवळ तोच, काळा रंग तोच, फोकसच्या कड्यावरच्या खाचाही त्याच. पण एकीच्या पोटात आठ भिंगं असतात आणि दुसरीच्या पोटात सात. आठ भिंगांच्या लेन्ससाठी संग्राहक बरेच जास्त पैसे मोजतात. हा फरक लेन्स न उघडता ओळखता येतो आणि तो ज्या खुणेवरून ओळखतात तिच्यामागचं भौतिकशास्त्र मला त्या किमतीपेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. आसाही ही पेंटॅक्स कॅमेरे बनवणारी कंपनी, स्थापना १९१९ सालची. टाकुमार हे नाव संस्थापक कुमाओ काजिवारा यांचे बंधू टाकुमा यांच्यावरून आलं. ते अमेरिकेत स्थायिक झालेले छायाचित्रकार आणि चित्रकार होते. १९६४ साली ही ५० मिलिमीटरची लेन्स बाजारात आली तेव्हा तिच्या मागच्या बाजूला ४२ मिलिमीटर व्यासाचे आटे होते. लेन्स फिरवून कॅमेऱ्यात घट्ट बसवायची. एम-४२ नावाने ओळखला जाणारा हा आटा पूर्व जर्मनी, सोव्हिएत संघ आणि जपान अशा सगळीकडच्या कारखान्यांनी वापरला, म्हणून आज संग्रहाला सुरुवात करणाऱ्यासाठी यापेक्षा सोयीचं दुसरं काही नाही. या लेन्स फिल्मपासून सुमारे ४५.५ मिलिमीटर अंतरावर बसतात. सोनीच्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यात हेच अंतर फक्त १८ मिलिमीटर असतं. उरलेले २७.५ मिलिमीटर भरून काढायला आत काच नसलेली साधी धातूची नळी पुरते. निकॉनच्या जुन्या एसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, हे अंतर ४६.५ मिलिमीटर आहे, त्यामुळे तिथे ही लेन्स हवी त्यापेक्षा पुढे बसते आणि दूरचा डोंगर कधीच स्पष्ट येत नाही.

आता ती खूण. लेन्सच्या मानेवर मधोमध फोकसची खूण असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना ४, ८, ११, १६ असे आकडे. कोणत्या अॅपर्चरला, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या तोंडाच्या कोणत्या मापाला, किती खोलीपर्यंतचं दृश्य स्पष्ट येईल ते हे आकडे सांगतात. त्यांच्यातच एक बारीक लाल रेघ असते. आठ भिंगांच्या लेन्सवर ती ४ या आकड्याच्या उजवीकडे असते, सात भिंगांच्या लेन्सवर डावीकडे. बस्स, एवढंच. संग्राहक हा नियम पाठ करतात आणि पुढे जातात. पण कारखान्याने ही रेघ का हलवली असेल?

ती रेघ अवरक्त फिल्मसाठी होती. काच सगळ्या रंगांना सारखं वाकवत नाही. निळ्याला जास्त वाकवते, लालला कमी, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांना त्याहूनही कमी. कमी वाकलेले किरण थोडे मागे जाऊन एकत्र येतात. म्हणून डोळ्याने फोकस केल्यावर अवरक्त फिल्मसाठी लेन्स किंचित पुढे सरकवावी लागते. ५० मिलिमीटरच्या लेन्समध्ये हे सरकवणं साधारण एक दशांश मिलिमीटरच्या आसपास येतं. ते डोळ्याला मोजता येत नाही, म्हणून मानेवर रेघ: जे अंतर मधल्या खुणेसमोर आलं होतं ते फिरवून लाल रेघेसमोर आणायचं.

आणि नेमकं किती सरकवायचं, हे भिंगांच्या रचनेवर ठरतं. कोणती काच, किती वक्र, कशाच्या मागे काय, यावरून रंगांची बेरीज-वजाबाकी बदलते. रचना बदलली की अवरक्त किरणांचा फोकस वेगळ्या ठिकाणी पडतो आणि रेघ हलवावीच लागते. नाव तसंच ठेवता येतं, रेघ तशीच ठेवता येत नाही. म्हणून मी सगळ्या खुणांत या खुणेवर सर्वांत जास्त विश्वास ठेवतो. पुढचं नावाचं कडं फिरवून काढता येतं आणि दुरुस्तीच्या दुकानात दोन लेन्सची मिळून एक झालेलीही असू शकते. त्यामुळे दुसरा पुरावा म्हणून मागची बाजू बघावी: आठ भिंगांच्या लेन्सचं शेवटचं भिंग जास्त फुगीर असतं आणि अधिक बाहेर आलेलं दिसतं.

रचना बदलली ती का? पहिल्या रचनेत तीन भिंगं एकमेकांना चिकटवून केलेला एक गट होता. तीन भिंगं एका अक्षावर आणून चिकटवणं हे कष्टाचं आणि खर्चाचं काम. नंतरच्या रचनेत मागच्या भागात थोरियम ऑक्साइड मिसळलेली काच आली आणि एक भिंग कमी झालं. थोरियममुळे काचेचा अपवर्तनांक वाढतो, म्हणजे कमी वक्रतेतही प्रकाश तेवढाच वाकतो. अपवर्तनांक शिसं घालूनही वाढतो, पण मग रंग जास्त फाकतात. थोरियमच्या काचेत रंग फारसे फाकत नाहीत. १.४ इतकं मोठं तोंड (हा आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं) असलेल्या लेन्सला हेच हवं असतं, कारण कडेचे किरण जितक्या कमी वक्र पृष्ठांतून जातील तितक्या चुका कमी.

थोरियम आपल्याकडच्या जुन्या लोकांना वेगळ्या रूपात माहीत होतं. लग्नाच्या मांडवात आणि गणपतीच्या मिरवणुकीत जी गॅसबत्ती जळायची, तिचं पांढरं मँटल, म्हणजे ज्योतीवरची जाळी, थोरियम ऑक्साइडचंच असे, त्यात साधारण १ टक्का सिरियम ऑक्साइड. त्रावणकोरच्या किनाऱ्यावरची थोरियम असलेली मोनाझाइट वाळू विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परदेशात जाऊ लागली ती या मँटलसाठीच.

थोरियम किरणोत्सारी आहे. त्याचा अर्धायुकाल सुमारे १,४०० कोटी वर्षं, म्हणजे विश्वाच्या आजच्या वयाहून किंचित जास्त. तो आणि त्याच्यापासून तयार होणारी मूलद्रव्यं सतत किरण सोडत राहतात, आणि त्या किरणांनी काचेतल्याच अणूंचे इलेक्ट्रॉन जागचे हलतात. काही इलेक्ट्रॉन काचेतल्या दोषांच्या जागी अडकून बसतात आणि तिथे निळा प्रकाश शोषू लागतात. निळा गेला की उरतो पिवळा, पुढे तपकिरी. अशी लेन्स पांढऱ्या कागदावर धरली की कागद कोऱ्या चहाच्या रंगाचा दिसतो. म्हणजे पिवळी असेल तर ती आठ भिंगांची नाही, हे नक्की. उलट मात्र खरं नाही, कारण पिवळेपणा घालवता येतो. अतिनील प्रकाशाने अडकलेल्या इलेक्ट्रॉनना सुटण्याइतकी ऊर्जा मिळते आणि काच पुन्हा स्वच्छ होते. त्यासाठी अतिनील एलईडी दिवा किंवा आपलं कडक ऊन पुरतं. काही दिवस ते दोन-तीन आठवडे लागतात. पण उन्हात ठेवलेली लेन्स म्हणजे आग लावणारं भिंग, हे विसरू नये. ज्या टोकाने ऊन आत जात नाही ते अॅल्युमिनियमच्या कागदाने झाकावं, जवळपास कापड किंवा लाकूड नको, आणि लेन्स तापू देऊ नये. तापली तर आतलं ग्रीस पातळ होऊन अॅपर्चरच्या पात्यांवर उतरतं.

भीतीबद्दल लोक नेहमी विचारतात. अल्फा किरण बहुतेक काचेतच अडतात. बाकीच्यांची तीव्रता अंतराबरोबर झपाट्याने कमी होते, आणि कॅमेऱ्यावर लावून फोटो काढण्यात काळजीचं काही नाही. मात्र ही लेन्स डोळ्याला लावायचं भिंग म्हणून वापरू नये, उशाशी ठेवू नये, आणि तिची काच कधीही घासू किंवा फोडू नये. धोका असेल तर तो श्वासातून आत जाणाऱ्या धुळीचा.

घरी करून बघण्यासारखी एक गोष्ट सांगतो. ट्यूबलाइटखाली लेन्स किंचित तिरकी धरून आत बघा. नळीच्या एकामागून एक प्रतिमा दिसतात, काही सुलट, काही उलट्या. हवा आणि काच जिथे भेटतात तिथली प्रतिमा ठळक, दोन भिंगं चिकटवलेल्या जागेची फिकट. म्हणजे पोटातली रचना न उघडता मोजता येते. या प्रतिमांचे रंगही बोलके असतात. लेप नसलेल्या साध्या काचेवर प्रत्येक पृष्ठाशी सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. सात भिंगं सहा गटांत असली तर हवेला भिडणारी पृष्ठं बारा, आणि लेप नसता तर एकूण ४० टक्क्यांच्या आसपास प्रकाश वाया गेला असता. त्यावरचा उपाय, काचेवर अतिपातळ पारदर्शक थर देण्याचा, झाईस या जर्मन लेन्स कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली शोधला. सुपर-टाकुमारवर त्या लेपाच्या पिवळसर आणि निळसर-जांभळ्या झाका दिसतात. १९७१ पासून बहुस्तरीय लेप आला, नाव 'सुपर-मल्टी-कोटेड टाकुमार' झालं आणि प्रतिमा गडद, हिरवट-किरमिजी दिसू लागल्या.

सगळेच फरक काचेत नसतात. ५५ मिलिमीटरची २.० टाकुमार आणि १.८ टाकुमार यांची भिंगं तीच, २.० मध्ये अॅपर्चर पूर्ण उघडू नये एवढीच सोय, कारण ती स्वस्त कॅमेऱ्याबरोबर विकायची होती. पूर्व जर्मनीतल्या येना शहरातल्या झाईसच्या लेन्सवर नावांचा गोंधळ राजकारणामुळे झाला. पश्चिम जर्मनीतल्या झाईसशी नावाच्या हक्कावरून वाद पेटला, तेव्हा पश्चिमेत पाठवायच्या लेन्सवर 'टेसार' या लेन्सच्या नावाऐवजी नुसतं 'टी' कोरलं जाऊ लागलं. पण त्याआधीच्या लेन्सवर लाल रंगातला 'टी' म्हणजे लेप दिल्याची खूण! एकच अक्षर, दोन अर्थ, आणि रंगावरून ओळखायचं. क्रास्नोगोर्स्कच्या सोव्हिएत कारखान्यातल्या हेलिओस लेन्सवर क्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुधा साल सांगतात. ही सोय जपान्यांनी ठेवली असती तर संग्राहकांचे कष्ट वाचले असते.

आपल्याकडे मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात अशी लेन्स हाती लागली तर रेघ बघण्याआधी मागून मोबाइलचा टॉर्च मारून आत बघावं. किनाऱ्याजवळच्या दमट हवेत बुरशी हा लेन्सचा मोठा शत्रू आहे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले की समजावं. बुरशीतून निघणारी आम्लं लेप खातात, कधी काचही, आणि ते नुकसान साफ केल्यावरही उरतं. बुरशीची आणि पिवळी अशा दोन लेन्समधून निवडायची वेळ आली तर मी पिवळीच घेईन. घरी आणल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावी आणि पावसाळ्यात जेल वरचेवर तापवून कोरडं करावं. लेन्सबरोबर आलेली मूळ चामडी पेटी कितीही देखणी असली तरी तिच्यात लेन्स ठेवू नये; चामडं ओल धरून ठेवतं आणि बुरशीची सुरुवात बहुतेक तिथूनच होते.