अकलूजची सेत्ते: इटलीची जोडी, माळशिरसची माती

सोलापूरकराला द्राक्ष म्हणजे गोड. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी थॉमसन सीडलेसमधून निवडलेली सोनाका, त्यांचीच काळी शरद सीडलेस, कासेगावचा बेदाणा. इथल्या बागाईतदाराची सगळी हुशारी मणी लांब आणि बिनबियांचा करण्यात गेली. लाल वाइनला नेमकं उलटं लागतं: बारीक मणी, जाड साल, आत बी. रंग आणि तुरटपणा सालीतून येतो. रस सालीसकट आंबवला नाही, तर काळ्या द्राक्षाचीही वाइन जवळपास पांढरीच निघते.

त्यामुळे अकलूजच्या फ्रातेल्ली या वाइन कंपनीची 'सेत्ते' ही लाल वाइन आपल्या खाण्याच्या द्राक्षाची पुढची पायरी नव्हे. वाइन उद्योगाला चालना देणारं राज्याचं द्राक्षप्रक्रिया धोरण 2001 चं. त्यानंतर काही वर्षांत इटलीचे सेची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा भावांच्या तीन जोड्या एकत्र आल्या. इटालियनमध्ये फ्रातेल्ली म्हणजे भाऊ, सेत्ते म्हणजे सात. सातवे वाइन बनवणारे, इटलीतल्या तस्कनी प्रांताचे पिएरो मासी.

बाटलीत दोन जातींची द्राक्षं: इटलीची सांजोवेझे आणि फ्रेंच काबर्ने सोविन्यों. हे मिश्रण तस्कनीतल्या बंडाचं. तिथल्या कियांती या प्रसिद्ध वाइनच्या जुन्या नियमांत लाल वाइनमध्ये पांढरी द्राक्षंही घालावी लागत. 1970 च्या दशकात काही जणांनी नियम झुगारून सांजोवेझेला फ्रेंच काबर्नेची जोड दिली. दर्जाचा शिक्का गेला. भाव मात्र चढला. सांजोवेझे आंबटपणा आणते, काबर्ने भरदारपणा आणि तुरटपणा.

तस्कनीत सांजोवेझेची तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरची. त्याच सुमारास आपल्याकडे गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, चालते आणि घड उतरतात ते हिवाळा सरताना. इथे थंडी वेलीला झोपवत नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी (नव्या काड्या वाढाव्यात म्हणून केलेली) धरून वर्षाला दोनदा कात्री.

पहिल्या घोटाला हिरड्या आवळतात, जांभूळ खाल्ल्यासारख्या. घरी एकाने तोंड वाकडं करून 'खराब झालीय' म्हटलं. खराब नव्हती, गोड द्राक्षाच्या सवयीची जीभ होती. दुसऱ्या घोटाला आंबट चेरी आणि लाकडाचा वास लागतो.

रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी म्हणतात, ती खोली युरोपातली. एप्रिलात सोलापुरात अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवाच. शेंगाचटणी लांब ठेवा, तिखटाने घसा जास्तच जळतो. कमी मसाल्याचं मटण उत्तम. सोलापुरात मिळालं तर.