रंगाचा डबा उघडण्याआधी

पोपडे खरवडायचे, लांबी भरायची, वर रंगाचे दोन हात मारायचे. ओल आलेल्या भिंतीवर घरोघरी हाच इलाज होतो आणि काही महिन्यांत तेच पोपडे त्याच जागी परत हजर होतात. मग शिव्या रंगाला. रंग बिचारा निर्दोष असतो. पाणी भिंतीत शिरतंय कुठून, हेच कुणी पाहिलेलं नसतं.

जमिनीलगत, साधारण कमरेइतक्या उंचीपर्यंत आडवा पट्टा ओला दिसत असेल, तर पाणी बहुधा खालून चढतंय. वीट आणि गिलावा दिसायला घट्ट, पण आतून बारीक छिद्रांनी भरलेले. साधी वीट दिवसभर पाण्यात बुडवून ठेवली तर स्वतःच्या वजनाच्या दहा ते वीस टक्के पाणी सहज पिते. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसंच या छिद्रांतून पाणी वर चढतं. याला केशाकर्षण म्हणतात. नळी जितकी बारीक तितकं पाणी उंच, हा नियम जेम्स ज्युरिन या इंग्रज वैद्याने 1718 च्या सुमारास मांडला. 1 मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी जेमतेम दीड सेंटिमीटर चढतं. त्रिज्या त्याच्या शंभराव्या हिश्शावर आणली की दीड मीटर. विटेतली कित्येक छिद्रं त्याहूनही बारीक असतात. मग ओल छतापर्यंत का जात नाही? कारण चढता चढता पाणी भिंतीच्या पृष्ठभागावरून उडून जात असतं. जिथे चढणं आणि उडणं यांची बरोबरी होते, तिथे पट्टा थांबतो.

म्हणूनच अशा भिंतीला आतून वॉटरप्रूफ रंग फासणं किंवा फरशी चिकटवणं मला अगदी उलटं काम वाटतं. पाणी उडून जायची वाट बंद झाली की ते आणखी वर चढतं आणि फरशीच्या वरच्या कडेला नवा पट्टा उमटतो. ही ओल अडवायची ती जोत्याच्या पातळीवर. बांधताना तिथे पाणी रोखणारा थर घालतात, त्यालाच डीपीसी म्हणतात. हा थर धड असूनही ओल येत असेल तर आधी बाहेर जाऊन पाहा. कित्येकदा भिंतीला लागून मातीचा भराव किंवा कुंड्यांची रांग त्या थराच्याही वर गेलेली असते. तेवढी माती हटवणं हीच खरी दुरुस्ती.

आता लोणा. भिंतीवर येणारी पांढरी भुकटी म्हणजे पाण्याबरोबर चढून आलेले क्षार. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. ते पृष्ठभागावर साठले तर फक्त वाईट दिसतात. पण रंगाच्या मागे, गिलाव्याच्या छिद्रांत त्यांचे स्फटिक वाढू लागले की ते आतून रेटा देतात, आणि पोपडे सुटतात ते या रेट्याने. सोडियम सल्फेट यात सगळ्यात खट्याळ. त्याचा एक रेणू पाण्याचे दहा रेणू पकडून बसतो आणि आकारमान चौपटीच्या घरात जातं. हा लोणा मी एकदा ओल्या फडक्याने पुसून काढला होता. भिंत दोन दिवस स्वच्छ दिसली, मग पूर्वीपेक्षा जास्त पांढरी झाली. क्षार विरघळवून मीच ते परत आत पाजले होते! लोणा कोरड्या ब्रशनेच झाडायचा आणि पडलेली भुकटी उचलून टाकायची.

आणखी एक गंमत. हवेतली सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठही हवेतलं पाणी ओढून घेतं. त्यामुळे खारावलेली भिंत, पाण्याची वाट बंद केल्यावरही, दमट दिवसांत ओली होत राहते. तो गिलावा डागाच्या वर हातभर उंचीपर्यंत काढून नवा करण्याला पर्याय नाही.

कपाटामागे किंवा कोपऱ्यात काळी बुरशी दिसली तर मात्र संशय हवेवर घ्यावा. 25 अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 23 ग्रॅम वाफ मावते. आर्द्रता 60 टक्के असेल तर 14 ग्रॅमच्या आसपास आहे असं धरा. हीच हवा 16 अंशांच्या थंड भिंतीला टेकली की तेवढीही वाफ मावेनाशी होते आणि पाणी सुटतं. बुरशीला तर थेंबही लागत नाहीत. भिंतीलगतच्या हवेत 80 टक्के आर्द्रता टिकून राहिली तरी तिचं भागतं. कपाट चार बोटं पुढे ओढा, एक्झॉस्ट पंखा चालू ठेवा. बुरशीवर ब्लीच मारणार असाल तर त्यात दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका. ॲसिडशी गाठ पडली की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

ओल आतली की हवेतली, हे ओळखायला प्लास्टिकचा फूटभर तुकडा पुरतो. भिंत वरवर पुसून, वाळवून घ्या. तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीने बंद करा आणि दोन दिवस विसरून जा. थेंब खोलीच्या बाजूला आले तर पाणी हवेतलं, प्लास्टिकच्या मागे आले तर भिंतीतलं.

नळाच्या गळतीला ऋतू नसतो. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा टिपा आणि तासाभराने पुन्हा पाहा. आकडा हलला तर गळती आहे, पण ती डागाच्या बरोबर मागेच असेल असं नाही. स्लॅबमधून पाणी बरंच लांब सरकतं. डाग स्विचबोर्डजवळ असेल तर आधी मेन स्विच बंद. छताला गंजाचे तांबूस डाग असतील तर घरगुती प्रयोग थांबवून इंजिनिअरला बोलवा.

कारण सापडलं, पाणी थांबलं, तरी रंगाची घाई नको. भिंत सुकायचा ढोबळ हिशेब महिन्याला एक इंच असा आहे. म्हणजे पूर्ण भिजलेल्या नऊ इंची भिंतीला नऊ महिने. मी डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढून तारीख घालतो. सध्या आमच्या भिंतीवर अशी तीन वर्तुळं आहेत, एकात एक, आणि सगळ्यात आतलं सगळ्यात नवं. रंगाचा डबा अजून कपाटावरच आहे.