सूर्याची २,२०२ योजने आणि आपल्याला हवे असलेले उत्तर

ऋग्वेदात प्रकाशाचा वेग दिलेला आहे, असे सांगणारा संदेश वर्षानुवर्षे मोबाइलवर फिरतो आहे. अशा पुष्कळ दाव्यांना काडीचाही आधार नसतो. हा दावा मात्र वेगळा आहे. त्यामागे खरोखर एक जुने वाक्य आहे आणि त्यात आकडेही आहेत. म्हणूनच तो झटकून न टाकता नीट तपासायला हवा.

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातले पन्नासावे सूक्त सूर्याचे आहे. त्यातल्या चौथ्या ऋचेत आकडा कुठेच नाही. सूर्या, तू पार जाणारा, सर्वांना दिसणारा, उजेड करणारा आहेस, अशी ती स्तुती आहे. आकडा येतो सायणाचार्यांच्या भाष्यात. चौदाव्या शतकात विजयनगरच्या राजाश्रयाने वेदांवर भाष्ये लिहिणारे हे थोर पंडित. या ऋचेखाली ‘तथा च स्मर्यते’ असे म्हणून ते परंपरेतला एक श्लोक देतात. अर्ध्या निमिषात २,२०२ योजने चालून जाणाऱ्या सूर्या, तुला नमस्कार असो, असा त्याचा अर्थ.

आता गणित. योजन हे अंतराचे जुने माप, निमिष हे वेळेचे. योजन साडेचौदा किलोमीटरचे धरा आणि निमिष ०.२१३३ सेकंदाचे. उत्तर येते सेकंदाला सुमारे २,९९,३०० किलोमीटर. प्रकाशाचा खरा वेग २,९९,७९२ किलोमीटर. हे पाहून कुणाच्याही अंगावर शहारा येईल, आणि त्यात लाजण्यासारखे काहीच नाही.

पण योजन साडेचौदा किलोमीटरचेच का? चार हातांचा एक धनू, तो सहा फुटांचा, आणि आठ हजार धनूंचे योजन, असा हिशेब केला की साधारण हा आकडा, नेमके सांगायचे तर १४.६ किलोमीटर, मिळतो. पण आर्यभटाने पृथ्वीचा व्यास १,०५० योजने दिला आहे. आज तो १२,७४२ किलोमीटर मोजला जातो. त्यावरून योजन भरते सुमारे १२.१ किलोमीटर. सूर्यसिद्धान्तात तोच व्यास १,६०० योजने आहे, म्हणजे योजन आठ किलोमीटरच्या आसपास. निमिषाचेही तसेच. विष्णुपुराणाप्रमाणे पंधरा निमिषांची एक काष्ठा, हे वेळेचे त्याहून मोठे माप, होते; दिवसापर्यंत हिशेब केला की त्यावरून निमिष ०.२१३३ सेकंद. मनुस्मृती अठरा निमिषांची काष्ठा मानते, तिथे निमिष ०.१७७८ सेकंदावर येते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातली कोष्टके वेगळी आहेत, ती ०.२४ सेकंद देतात.

तीन योजने, तीन निमिषे, एकूण नऊ जोड्या. मी त्या सगळ्या करून पाहिल्या. सर्वांत लहान उत्तर सेकंदाला सुमारे १,४७,००० किलोमीटर आले, सर्वांत मोठे ३,५९,०००. मधली उत्तरे १,६५,०००, १,९८,०००, २,२२,०००, २,५०,००० आणि २,६६,००० अशी पसरलेली. तीन लाखांच्या जवळ दोन जोड्या पोचतात: एक वर दिलेली, आणि दुसरी आर्यभटाचे योजन व मनूचे निमिष घेऊन केलेली. ही दुसरी जोडी मी मुद्दाम सांगतो आहे, कारण ती लपवली तर मीही मला सोयीच्याच जोड्या दाखवल्या असे होईल. आता कल्पना करा की प्रकाशाचा वेग खरोखर अडीच लाख असता. त्यासाठीही जोडी तयार होती, आणि शहारा तेव्हाही आलाच असता.

श्लोकाच्या आजूबाजूला पाहिले तर चित्र आणखी स्पष्ट होते. सायण ज्या शब्दावर हा श्लोक देतात तिथे विषय आहे सूर्याच्या मार्गक्रमणाचा, इतरांना चालता न येणारी प्रचंड वाट चालण्याचा. भागवताच्या पाचव्या स्कंधातही सूर्य एका क्षणात दोन हजार योजनांहून थोडे अधिक अंतर कापतो असे वर्णन आहे, आणि तिथे तर पृथ्वीभोवती फिरणाऱ्या त्याच्या रथाचीच गोष्ट चालू आहे, प्रकाशाच्या वेगाची नव्हे.

गणित मांडणाऱ्यांनी फसवणूक केली, असे मला अजिबात म्हणायचे नाही. त्यांनी मनापासूनच केले असणार. इच्छा आपल्या वाचनात शिरते ती फार छोट्या दारांतून: कुठले एकक घ्यायचे, कुठे थांबायचे, कुठला पाठ ‘साहजिक’ वाटतो. उत्तर चुकीचे आले की आपण पुन्हा हिशेब तपासतो, हवे ते आले की तपासणी थांबते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० साली हा स्वभाव एका साध्या प्रयोगात पकडला. २, ४, ६ ही तिकडी ज्या नियमात बसते तो नियम ओळखायचा होता, आणि त्यासाठी हव्या तेवढ्या तिकड्या विचारून पाहायची मुभा होती. बहुतेकांनी ‘दोन-दोनने वाढणारे आकडे’ असा काही नियम मनात धरला आणि त्याला पुष्टी देणाऱ्याच तिकड्या विचारल्या. नियम होता फक्त ‘चढते आकडे’. आपला अंदाज मोडेल अशी तिकडी विचारणे फार थोड्यांना सुचले.

धर्माच्या बाबतीत हा ओढा आणखी बळावतो. शिकागो विद्यापीठाचे निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी २००९ साली अमेरिकेतल्या श्रद्धावान लोकांना काही वादग्रस्त सामाजिक प्रश्नांवर विचारले: तुमचे मत काय, इतरांचे काय असेल, देवाचे काय असेल? देवाचे मत स्वतःच्या मताशी सर्वांत जास्त जुळले. मग त्यांनी युक्तिवाद आणि भाषणाची तयारी करायला लावून लोकांची स्वतःची मते थोडी हलवली, तर देवाची म्हणून सांगितलेली मतेही त्याच दिशेला सरकली. मेंदूच्या स्कॅनमध्येही देवाच्या मताचा विचार आणि स्वतःच्या मताचा विचार हे दोन्ही बरेचसे सारखे दिसले, दुसऱ्या माणसाच्या मताचा विचार मात्र वेगळा. देव आहे की नाही याबद्दल हा अभ्यास काहीच सांगत नाही. ग्रंथ उघडून बसलेल्या माणसाने मात्र तो जरूर लक्षात ठेवावा, कारण ‘देवाला हेच हवे आहे’ असे वाटते तेव्हा तो आवाज स्वतःचाच असण्याची शक्यता मोठी असते.

याची किंमत कधीकधी फार मोठी असते. न्यूयॉर्क राज्यातल्या विल्यम मिलर या शेतकऱ्याने बायबलमधल्या दानिएलच्या पुस्तकातले २,३०० दिवस म्हणजे वर्षे मानली, मोजणी इसवी सनापूर्वी ४५७ पासून सुरू केली आणि ख्रिस्ताच्या पुनरागमनाचे साल १८४३च्या सुमाराला काढले. मुदत टळल्यावर, इसवी सनात शून्य साल नसते हा हिशेबही उपयोगी पडला आणि अखेर २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख ठरली. कित्येकांनी शेतातले उभे पीक काढले नाही. तो दिवसही नेहमीसारखाच मावळला.

विज्ञानवाले यातून सुटलेत असे कुणी समजू नये. पुरावा पुन्हा प्रकाशाच्या वेगाचाच आहे. १९३५ साली अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ मायकेलसन आणि सहकाऱ्यांची मोजणी २,९९,७७४ अशी प्रसिद्ध झाली. १९४१ साली भौतिकशास्त्रज्ञ रेमंड बर्ज यांनी उपलब्ध मोजण्या एकत्र करून २,९९,७७६ हा आकडा दिला आणि चूक झालीच तर ती चार किलोमीटरची, असे सांगितले. प्रत्यक्षातली चूक सोळा किलोमीटरची होती. त्या काळातल्या मोजण्या एकमेकींना धरून होत्या. आधीच्या आकड्याशी जुळले की आपल्या उपकरणातले दोष शोधणे थांबते, हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते.

म्हणून आता भौतिकशास्त्रज्ञ उत्तर स्वतःपासूनच लपवून ठेवतात. अमेरिकेतल्या फर्मिलॅब या प्रयोगशाळेत म्युऑन या सूक्ष्म कणावर झालेल्या प्रयोगात, मोजणी ज्या घड्याळावर चालली त्याची नेमकी वारंवारता प्रयोगाबाहेरच्या दोनच व्यक्तींना ठाऊक होती; तिच्याशिवाय अंतिम उत्तर काढता येत नव्हते. सगळे निर्णय पक्के झाल्यावर, फेब्रुवारी २०२१ मध्ये, ती उघड केली गेली. त्यानंतर पद्धत बदलायची सोय नव्हती.

ग्रंथ वाचण्यासाठी असे काही आपल्याकडे आहे का? आहे, आणि ते फार जुने आहे. वेदवाक्यांचा अर्थ लावण्याचे शास्त्र रचणाऱ्या मीमांसकांनी तात्पर्य ठरवण्याच्या सहा कसोट्या सांगितल्या: उपक्रम व उपसंहार म्हणजे आरंभ व शेवट, अभ्यास म्हणजे पुनरुक्ती, अपूर्वता म्हणजे नवेपणा, फल, अर्थवाद म्हणजे स्तुती वगैरे, आणि उपपत्ती म्हणजे युक्तिवादाची संगती. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्याच्या पहिल्याच प्रकरणात लोकमान्य टिळक याच कसोट्या पुढे ठेवतात आणि सांप्रदायिक टीकाकार आपल्या मताकडे गीता कशी ओढतात हे सांगतात. टिळकांचा निष्कर्ष सर्वांना पटला नाही, पण कसोट्या आधी मांडलेल्या असल्यामुळे त्यांच्याशी भांडता येते. मला हा मोठा प्रामाणिकपणा वाटतो.

२,२०२ योजनांना यातली एकच कसोटी लावली तरी पुरे. अर्थवाद म्हणजे स्तुतिपर वचन, आणि श्लोक संपतो तोच नमस्काराने. त्यातून वेग काढायचाच असेल तर हा श्लोक ज्या ग्रंथातला आहे त्याच ग्रंथाचे योजन आणि त्याचेच निमिष घ्यायला हवे, तेही गणित करण्याआधी. पण ‘असे स्मरले जाते’ एवढेच म्हणून सायण पुढच्या शब्दाकडे वळतात. ग्रंथाचे नाव ते देत नाहीत.