जुनी रॉकेटची चित्रं म्हणजे लपवलेल्या यानांचे फोटो नाहीत

एक फॉरवर्ड कित्येक वर्षं फिरतोय, की जुन्या चित्रांत दिसणारी 1950-60 च्या दशकातली पंखवाली अंतराळयानं खरंच उडाली होती आणि नंतर ती दडवली गेली. चित्रं इतकी झकास आहेत की कोणालाही खरी वाटतील, त्यात वावगं काही नाही.

पण ती आहेत कल्पनाचित्रं. यान कागदावर असतानाच ते कसं दिसेल हे पैसे मंजूर करणाऱ्यांना आणि लोकांना दाखवायला चित्रकाराकडून काढून घ्यायचे. डायना-सोर या अमेरिकन हवाई दलाच्या पंखवाल्या अंतराळयानाचंच बघा ना, चित्रं भरपूर निघाली, पण 1963 मध्ये प्रोजेक्टच बंद झाला आणि यान एकदाही उडालं नाही.

आता ओळखायचं कसं? आधी स्वतःला विचारा, यान अंतराळात एकटं आहे तर बाहेरून हा फोटो काढला कोणी? मग तारे बघा, उन्हात चकाकणारं यान नीट दिसेल असं एक्स्पोजर (कॅमेरा किती प्रकाश आत घेतो ते) ठेवलं तर मागचे अंधूक तारे फोटोत येतच नाहीत, चित्रात मात्र दोन्ही ठसठशीत असतात. कोपरा झूम केला तर कधीकधी चित्रकाराची सहीसुद्धा सापडते. आणि इमेज सर्च केलं की बरेचदा मूळ कॅप्शन मिळतं, त्यात सरळ ‘चित्रकाराची कल्पना’ असं लिहिलेलं असतं, फॉरवर्ड करताना नेमकं तेच कापलेलं असतं.